डोळा अनुदानाचा, पहारा कोणाचा?

पाऊस लांबला, धानाला भाव मिळाला नाही, शाळेला शिक्षक नाही, या खेड्यांच्या जुन्या तक्रारी. त्यांच्या जोडीला अलीकडे एक नवी मागणी ग्रामसभांतून ऐकू येऊ लागली आहे. चौकात कॅमेरा हवा, ही ती मागणी. शहरांना जे मिळाले ते आपल्याला का नाही, हा तिच्यामागचा प्रश्न रास्तच आहे. शेतातल्या पंपाची केबल रातोरात कापून नेली जाते, मनाई असतानाही नदीतून वाळूचे ट्रॅक्टर अंधारात निघतात, आणि सकाळी तक्रार करायला गेलेल्या शेतकऱ्याला 'कोणी पाहिले काय?' या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कॅमेरा पाहील, ही आशा त्यातून जन्मते. प्रश्न आहे तो या पाहण्याचा खर्च कोण, किती वर्षे आणि कोणत्या शीर्षाखाली करणार, हा; आणि पाहिलेले कोणाच्या हाती राहणार, हा.

गोंदिया तालुक्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील दवनीवाडा हे गाव या विचारासाठी उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे. ते अगदी आडवळणाचे खेडे नव्हे. तेथे पोलीस ठाणे आहे, आणि आसपासच्या अनेक गावांचा राबता तेथे असतो. पण ते शहरही नव्हे. खांबाखांबावर पोहोचलेली तार, चोवीस तासांची वीज आणि जमिनीखालून गेलेली दूरसंचाराची वाहिनी यांवर शहरातील कॅमेरे जगतात. दवनीवाड्यासारख्या गावात बाजाराच्या टोकाला, धानाच्या गोदामापाशी किंवा नदीच्या घाटावर यांपैकी काहीच हमखास मिळत नाही. म्हणून सूर्यप्रकाशावर चालणारा आणि बिनतारी लहरींनी चित्र पाठवणारा कॅमेरा हा येथला स्वाभाविक पर्याय ठरतो. शेजारच्या तिरोडा तालुक्यात ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे, आणि तरीही या परिसरातल्या एका कॅमेऱ्याला पंधरावीस वॉटसाठी सूर्याकडे तोंड करावे लागावे, हा आपल्या वीजव्यवस्थेवरचा बोलका शेरा आहे. देशात वीज निर्माण होते. शेवटच्या खांबापर्यंत ती भरवशाने पोहोचत नाही.

या यंत्रणेचे गणित अवघड नाही, पण ते कोणत्या महिन्यात मांडले यावर सारे अवलंबून असते. एक कॅमेरा आणि त्याचे चित्र पाठवणारे बिनतारी उपकरण मिळून सुमारे सोळा वॉट घेतात असे धरू. चोवीस तासांचे ३८४ वॉट-तास झाले. एप्रिलमध्ये विदर्भात ऊन इतके मुबलक असते की लहानशा सौरपत्र्यावरही ही गरज सहज भागते. विक्रेता आपले प्रात्यक्षिक एप्रिलमध्येच दाखवतो, आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्यामुळे सरकारी खरेदीही साधारण त्याच सुमारास होते. ऑगस्टची गोष्ट निराळी. आठ-आठ दिवसांची झड लागली की सौरपत्र्याला मिळणारे पूर्ण उन्हाइतके तास दिवसाला अडीच-तीनवर येतात, मधली गळती वजा जाता दोनशे वॉटचा पत्राही जेमतेम पुरतो, आणि खरा भार बॅटरीवर पडतो. तीन दिवस उन्हाशिवाय काढायचे तर सुमारे ११५० वॉट-तास साठ्यात हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे बारा व्होल्टची जवळजवळ दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी एका कॅमेऱ्यामागे लागते. निविदेत किंमत उतरवण्यासाठी तिथे शंभराची बॅटरी लिहिली की झडीच्या दुसऱ्या रात्री कॅमेरा मिटतो. ज्या रात्री चोराला अंधार आणि पाऊस दोन्ही हवे असतात, नेमकी तीच ही रात्र.

लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या अधिक खोलवर वापरता येतात आणि आठदहा वर्षे टिकतात. शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. सौरपत्रा मात्र पंचवीस वर्षांचा. एकाच खांबावर पंचवीस वर्षांची, दहा वर्षांची आणि चार वर्षांची अशी तीन आयुष्ये टांगलेली असतात, आणि सर्वांत अल्पायुषी जे, त्याच्यावर बाकीच्यांचा उपयोग अवलंबून असतो. खेड्यापाड्यांत सौरदिव्यांचे खांब उभे आहेत; पत्रा शाबूत, दिवा शाबूत, बॅटरी मात्र कधीच गेलेली किंवा चोरीला गेलेली, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? कॅमेरा त्याच खांबाचा धाकटा भाऊ आहे.

बिनतारी दुव्याचेही असेच. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरींना परवान्याची गरज नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने हा पट्टा अधिक विस्तृतपणे खुला केला. पण या लहरींना समोरासमोरची मोकळी वाट लागते. पाऊस त्यांना फारसा अडवत नाही. भिजलेली पाने अडवतात. उन्हाळ्याच्या तोंडी मोह आणि पळस यांची पानगळ झाली असताना घाटावरून ठाण्याच्या गच्चीपर्यंत जी वाट स्वच्छ दिसते, ती श्रावणात हिरव्या भिंतीने बंद झालेली असते. रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचे जाळे भिंगासमोर विणले गेले की सकाळच्या चित्रणात पांढऱ्या धाग्यांखेरीज काही दिसत नाही. यावरचा उपाय एक शिडी आणि एक फडके एवढाच. परंतु शिडीवर चढणारा माणूस कोणाच्या नोकरीत आहे?

या प्रश्नापाशी अभियांत्रिकी संपते आणि सार्वजनिक अर्थकारण सुरू होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना जे अनुदान ठरवले, त्यातील ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेले होते. उरलेले ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावे, मात्र पगार आणि आस्थापना यांवर नव्हे, अशी अट होती. अट घालण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. अनुदान नोकरभरतीत जिरू नये, त्यातून काही उभे राहावे, असा तो हेतू. पण तिचा परिणाम असा की, गाव अनुदानातून कॅमेरा विकत घेऊ शकते. कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस ठेवू शकत नाही. वस्तूला पैसा आहे, सेवेला नाही. उद्घाटनाची फीत वस्तूला बांधता येते, देखभालीला येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

मुंबईने हा व्यवहार निराळ्या रीतीने केला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर शहरात कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याचे ठरले. निविदांच्या फेऱ्यांत वर्षांमागून वर्षे गेली, आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी ही यंत्रणा सुरू झाली. साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे आणि सुमारे ९४९ कोटींचे कंत्राट. दिरंगाईबद्दल त्या वेळी पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यही होती. परंतु त्या कंत्राटात उभारणीबरोबर देखभालही विकत घेतलेली होती, आणि पडद्यांसमोर बसायला पोलीस दलाचे मनुष्यबळ होते. खेड्यांपर्यंत मुंबईची ही कल्पना येते तेव्हा तिच्यातला कॅमेरा तेवढा येतो. देखभाल आणि माणूस वाटेत गळून पडतात.

गावाचा पहारा ही काही नवी गरज नव्हे. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण करणारा जागल्या होता, मध्य प्रांतातल्या खेड्यांत कोतवाल होता, आणि त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्यातून ठरलेला असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पहाऱ्याचे ओझे तिने जन्माने काही जातींच्या माथी मारले, आणि मोबदल्याच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्यांची वेठ घेतली. ती गेली हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट तिला कळत होती. पहारा हा दररोजचा खर्च आहे आणि तो दर हंगामाला द्यावा लागतो, हे ती कधी विसरली नाही. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून सोडवून नेमणुकीचे केले. आज गावात घडणाऱ्या गोष्टींची खबर ठाण्याला देण्याचे काम कायद्याने त्याच्याकडे आहे. कॅमेऱ्याच्या प्रस्तावांत त्याचा उल्लेखही बहुधा नसतो.

कॅमेऱ्याने गुन्हे कमी होतात काय? चाळीस वर्षांतील परदेशी अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्ह्यांत सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास घट दिसली. सर्वांत स्पष्ट घट मोटारी उभ्या करण्याच्या जागांवर होती, आणि हाणामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. पडद्यासमोर माणूस बसून चित्राकडे लक्ष ठेवत होता तेथे परिणाम अधिक होता. ही आकडेवारी ब्रिटन-अमेरिकेच्या शहरांची आहे; ती भाताच्या बांध्यांना जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तरी तिचा रोख उघड आहे. वस्तूंच्या चोरीला कॅमेरा आवरतो, डोके फिरलेल्या माणसाला आवरत नाही. आणि कोणी पाहत नसेल तर त्याचा उपयोग घटना घडून गेल्यावर पुरावा म्हणूनच.

पण पुरावा म्हणून तरी तो उभा राहतो काय? याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका खटल्याने दिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळून गेल्यावर स्वीकारले गेले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात त्या दिवशीचे चित्रण झालेले होते. घड्याळ, माणसे, हालचाल, सारे तबकड्यांवर होते. नव्हते ते एक प्रमाणपत्र. विद्युत अभिलेखासोबत त्या वेळच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब अन्वये जोडावे लागणारे. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागितले, संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ते कायम केले; पण त्याच निकालात असे प्रमाणपत्र ही अनिवार्य अट आहे, हेही ठाम केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट पुढे चालू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, महसुली अधिकाऱ्यांच्या दालनात झालेल्या चित्रणाला सही मिळता मिळत नाही, तर खेड्यातल्या खांबावरच्या कॅमेऱ्याला ती कोण देणार? यंत्र कोणाच्या ताब्यात होते आणि ते नीट चालत होते, असे लिहून देण्याइतका जबाबदार माणूस आधी नेमलेला असला पाहिजे. ग्रामसेवक, पोलीस पाटील की ठाणेदार, हे ज्या दिवशी कॅमेरा बसतो त्या दिवशी ठरलेले नसेल, तर खटल्याच्या दिवशी ते ठरणार नाही.

ताब्याचा प्रश्न पुराव्यापुरताच असता तर एक वेळ चालले असते. बसवणाऱ्याने कारखान्यातला परवलीचा शब्द तसाच ठेवलेला, तो चारपाच जणांना ठाऊक, त्यातल्या कोणाच्या तरी पुतण्याच्या मोबाइलवर गावाचा चौक रात्रंदिवस दिसतो, ही स्थिती कल्पनेतली नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणीच्या खोलीतले स्त्रियांचे चित्रण बाहेर जाऊन विकले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा साऱ्या देशाला त्याचा धक्का बसला. त्याच वर्षी ९ एप्रिलपासून केंद्र सरकारने विक्रीस येणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण चाचणी यंत्राची होते. पुतण्याची होत नाही. शहरात पडद्यासमोरचा माणूस आणि रस्त्यावरचा माणूस एकमेकांना अनोळखी असतात. गावात तसे नसते. कोणाची मुलगी कोणत्या वेळी कोणाबरोबर बसथांब्यावर उभी होती, कोण कोणाच्या घरी गेला, हे पाहणाऱ्याला नावानिशी कळते. मामा तलावाच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायका आणि शाळेत जाणाऱ्या मुली यांना या यंत्रणेची किंमत मोजावी लागेल, आणि ग्रामसभेत कॅमेऱ्याची मागणी करणाऱ्यांत त्यांचा आवाज बहुधा सर्वांत क्षीण असतो. व्यक्तीचा खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. तो हक्क गावाच्या वेशीवर संपत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग कॅमेरे नकोतच काय? तसे नव्हे. गावात बसवलेल्या कॅमेऱ्याचे तोंड कोणाकडे आहे, हा खरा राजकीय प्रश्न आहे, आणि तो तांत्रिक म्हणून सोडून दिला जातो. पानठेल्याकडे तोंड केलेला कॅमेरा रिकाम्या पोरांना पाहतो. आधारभूत धानखरेदी केंद्राच्या काट्याकडे तोंड केलेला कॅमेरा मापाला पाहतो. गोंदिया-भंडाऱ्याचा शेतकरी वर्षाची कमाई या काट्यावर ठेवतो. कट्ट्यामागे जादा धान घेतल्याची, गोदामात घट दाखवल्याची कुरबूर हंगामागून हंगाम चालते, आणि तिला साक्षीदार नसतो. अंधारात चोर पकडण्यापेक्षा दिवसाढवळ्या चालणारे हे माप टिपणे यंत्राला कितीतरी सोपे आहे. खरेदीही पावसाळा सरल्यावरच्या उघडिपीत चालते. त्यामुळे ऑगस्टच्या झडीचे गणित येथे आडवे येत नाही. वाळूघाटाचेही तसेच. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत वाळूच्या ठिकाणांवर कॅमेऱ्यांची देखरेख सुचवली आहे. नदीतील वाळू ही सर्वांची मालमत्ता; तिच्यावरची नजरही सर्वांना तपासता आली पाहिजे.

आणि तिसरी जागा दवनीवाड्यात आहेच. ती म्हणजे पोलीस ठाणे. परमवीरसिंग सैनी विरुद्ध बलजितसिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, कोठलाही भाग नजरेबाहेर राहू नये, चित्राबरोबर आवाजही टिपला जावा, रात्रीही दिसावे, चित्रण अठरा महिने आणि ते अशक्य असेल तर किमान एक वर्ष जपावे. ज्या भागांत वीज किंवा आंतरजाल नाही तेथे ते सौर वा पवन ऊर्जेसह कोणत्याही मार्गाने शक्य तितक्या लवकर पुरवणे हे राज्यांचे कर्तव्य आहे, असेही न्यायालयाने त्या आदेशात लिहिले. सूर्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा आधार मिळाला आहे तो नागरिकांवर नजर ठेवण्यासाठी नव्हे, नागरिकाला ठाण्यात सुरक्षित ठेवण्यासाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीतील अकरा मृत्यूंची बातमी वाचून न्यायालयाला या विषयाची आपणहून पुन्हा दखल घ्यावी लागली, यावरून आदेशाचे काय झाले याची कल्पना यावी.

त्या आदेशाचाही जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे. दोन मेगाबिट वेगाचे चित्रण म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१ गिगाबाइट. अठरा महिन्यांचे बारा हजारांच्या घरात. एका ठाण्यात बारा-चौदा कॅमेरे धरले तर दीड लाख गिगाबाइटांच्या आसपास. एवढा साठा जपायला खोली, थंडावा, वीज आणि बिघडलेल्या तबकड्या बदलण्याची तरतूद लागते. न्यायालयाने निदान जबाबदारी तरी नावानिशी ठरवली आहे. कॅमेरे चालू ठेवणे ठाणेदाराचे काम, आणि त्यावर लक्ष ठेवायला जिल्हास्तरीय समिती. तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या प्रमुखालाही स्थान आहे. चौकातल्या कॅमेऱ्यांसाठी अशी समिती नाही, नियम नाही, चित्रण किती दिवसांनी पुसायचे याचा ठराव नाही.

ठराव करण्याचे अधिकार गावाला आहेत. ग्रामसभा वर्षातून किमान चारदा भरते, आणि विकास आराखड्यात कॅमेऱ्याचा प्रस्ताव तिच्यासमोर येतो तेव्हा सरपंचाला काही साध्या गोष्टी विचारता येतात. चौथ्या वर्षी नवी बॅटरी लागेल तिची रक्कम ग्रामनिधीत कोणत्या शीर्षाखाली दरवर्षी बाजूला टाकली जाणार? शिडीवर चढणाऱ्याची आणि प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याची नावे कोणती? परवलीचा शब्द किती जणांकडे, आणि चित्रण कोणी, कधी, कशासाठी पाहिले याची नोंदवही कोठे? घाटाजवळचा, शाळेच्या वाटेवरचा खांब निवडताना महिलांच्या ग्रामसभेला विचारले काय? यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पुरवठादाराशी करार करताना शेवटचा हप्ता रोखून धरावा. मार्चमध्ये बसवलेल्या यंत्रणेने आषाढ-श्रावणाची झड निभावली, सलग आठ रात्रींचे चित्रण काढून दाखवले, की मग दसऱ्याच्या सुमारास तो द्यावा.